आपलं सामान

मला प्रवास आवडत नाही. हे वाक्य आजकाल चारचौघांत म्हणायची सोय राहिलेली नाही. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी उभं राहिलं की कोणी हरिश्चंद्रगडावरून उतरलेलं असतं, कोणी कोकणातून मासे खाऊन आलेलं असतं. "तू काय केलंस वीकेंडला?" याला मी "झोपलो" असं उत्तर दिलं की समोरचा एकदम हळू आवाजात बोलायला लागतो. आजारी माणसाशी बोलतात तसं. पण खरंच नाही आवडत बुवा. काय करू?

याला कारण आहे. मी औरंगाबादचा. (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. पण ही गोष्ट त्याच्या आधीची आहे, म्हणून तिच्यात जुनंच नाव येईल.) ज्यांचं बालपण या गावात गेलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. औरंगाबादकर असणं म्हणजे जन्मतः बिनपगारी गाईड असणं. मे महिना आणि दिवाळी म्हटली की पाहुणे ठरलेले. आईच्या माहेरचे, बाबांच्या ऑफिसातले, शेजाऱ्यांचे मेहुणे. आणि त्यांना फिरवायला घरातलं रिकामं माणूस कोण, तर मी. सकाळी दौलताबाद, मग खुलताबाद, दुपारी वेरूळ, घृष्णेश्वराचं दर्शन, येताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की. दुसऱ्या दिवशी अजिंठा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. पाहुणे नेमके रविवारी रात्री येऊन टपकायचे. दौलताबादच्या अंधारीतून मी इतक्या वेळा गेलोय की तिथली वटवाघळं मला नावानं ओळखत असतील.

तर अशा माणसानं पुण्यात नोकरी लागल्यावर शनिवार-रविवार झोपून काढले, तर त्याला दोष देऊ नये.

या सगळ्या यादीत एक जागा कधीच नव्हती. सोनेरी महाल. विद्यापीठाच्या मागे, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी पहाडसिंगपुऱ्यात हा महाल आहे आणि त्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे. पाहुण्यांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या गाण्यांना मी त्या आवारात गेलो होतो, पण तेव्हा महाल म्हणजे गाणाऱ्याच्या मागचा पडदा. रंगीत दिवे सोडलेला. आत काय आहे याची चौकशीसुद्धा केली नव्हती.

डिसेंबर २०१९. एका शुक्रवारी रात्री मी, बायको आणि लेक पुण्याहून निघालो. वाघोलीत अडकलो, शिक्रापूरला पुन्हा अडकलो, नगरला पोहोचेपर्यंत लेक झोपली होती. निमित्त फिरण्याचं नव्हतं. आईचा गेले दोन-तीन महिने फोन आला की तिच्या आवाजात काहीतरी वेगळं जाणवायचं. बाबा एकाच सकाळी तीन वेळा जाऊन दूध घेऊन आले. बाबांनी किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. हे सगळं ती हसत हसत सांगायची, पण सांगून झालं की गप्प व्हायची. एकदा म्हणाली, "परवा सिडकोतनं घरी यायला त्यांना दीड तास लागला रे." आमचं घर सिडकोतच आहे.

तोवर एका डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी 'सुरुवात आहे' असं म्हटलं होतं. नवं लवकर पुसलं जाईल, जुनं जास्त टिकेल, त्यांना जुन्या गोष्टी बोलू द्या, असंही म्हणाले होते. मी ते रिपोर्ट बघायला आणि पुढचं ठरवायला आलो होतो. शिवाय शनिवारी रात्री आमचं रिलीज होतं, त्यामुळे लॅपटॉप बरोबर होताच. सकाळी पोहे खाता खाता मी कॉलवर होतो. कॉल संपल्यावर बाबा समोर येऊन उभे राहिले. पॅण्ट-शर्ट, पायात बूट, केसांना तेल. तयार.

"मला सोनेरी महालात ने."

"आज? तिथं काय आहे?"

"आपलं सामान आहे तिथं."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. "कसलं सामान हो?" तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "आबांनी काढलेलं." आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रिलीजचा. चार वाजता टेस्टिंगवाल्यांचा फोन येणार. दुसरा विचार, की हे त्या आजाराचंच काहीतरी असणार. मी म्हटलं, "बाबा, पुढच्या वेळी जाऊ." लहानपणी मी सर्कशीला चला म्हटलं की ते मला नेमकं हेच म्हणायचे. बायकोनं स्वयंपाकघरातून नुसतं बघितलं. लग्नाला दहा वर्षं झाली की असल्या बघण्याचा अर्थ कळतो. गेलो.

टाऊन हॉलवरून मकाई गेट, बेगमपुरा, मग विद्यापीठ. बाबा पुढे बसले होते आणि प्रत्येक वळण माझ्याआधी सांगत होते. डावीकडे घे. आता सरळ. सिडकोतल्या सिडकोत हरवलेला माणूस हाच का, असं मला वाटून गेलं.

सोनेरी महाल लांबून बघितला तर दणकट दिसतो, सुंदर वगैरे नाही. दोन मजली, चुन्या-दगडाचा, समोर मोकळं आवार आणि मागे उघडाबोडका डोंगर. १६५१ ते १६५३ च्या दरम्यान ओर्छ्याच्या पहाडसिंग बुंदेल्यानं तो बांधला. मोगलांच्या चाकरीत बुंदेलखंडाचे सरदार दख्खनेत आले, त्यांतला हा एक. भाग पहा, बुंदेलखंडातून इतक्या लांब नोकरीसाठी आला आणि इथं घर बांधून बसला. आतल्या भिंतींवर एके काळी सोन्याच्या रंगात चित्रं होती म्हणून सोनेरी. आता त्यातलं डोळे बारीक करून शोधावं लागतं इतकंच उरलंय.

संग्रहालय बघायची माझी एक पद्धत आहे. तुमचीही असेल. आत शिरायचं, हात मागे बांधायचे, आणि एका लयीत चालत राहायचं. तलवार, तलवार, मूर्ती, रांजण, खापर, खापर, नाणी, खापर, बाहेर. मध्ये एखाद्या काचेसमोर थांबून 'हं' म्हणायचं, म्हणजे आपण रसिक आहोत असं बरोबरच्यांना वाटतं. माझ्या हिशेबानं पाऊण तासात काम झालं असतं.

बाबा पहिल्याच खापरांपाशी थांबले. लेक तेव्हा सात वर्षांची होती. तिनं विचारलं, "आजोबा, हे सगळं फुटलेलं का ठेवलंय?"

आणि बाबा बोलायला लागले. मला वाटतं, मागच्या वर्षभरात ते सलग इतकं बोलले नसतील.

बाबांचं गाव भोकरदन. आज जालना जिल्ह्यात आहे, पण जालना जिल्हा झाला १९८१ साली. बाबांच्या लहानपणी ते औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. गावाजवळून केळणा नदी जाते. आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली, घरं बांधली, पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख टाकली, की तिथली माती पांढुरकी होते आणि जागा उंच होत जाते. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक हीच माती खणून आणायचे. पाऊस पडून गेला की या पांढरीवर पोरं मणी वेचायला जायची. बाबाही जायचे. खिशात मूठमूठ मणी असायचे म्हणे. गोट्यांसारखे खेळायचे आणि हरवून टाकायचे.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. तो मराठवाड्यातल्या ज्या घरांनी काढला, त्या घरांत अजूनही त्याचा उल्लेख घरातल्या एखाद्या माणसासारखा होतो. खडी फोडायची कामं, बंधाऱ्यांची कामं, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, सुकडी. मिलोची भाकरी कशी लागायची हे बाबा एरवी सांगत नाहीत, फक्त पानात काही टाकलं की आमच्याकडे बघतात. आबा खडी फोडायला जात होते. आणि १९७३ साली गावात विद्यापीठाची माणसं आली. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनच्या पांढरीवर उत्खनन केलं. आबांना तिथं खणायचं काम मिळालं.

बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. दुपारी आबांची भाकर घेऊन जायचे आणि तिथंच बसून राहायचे.

"दोऱ्या बांधून चौकोन पाडायचे," बाबा लेकीला सांगत होते. काचेवर बोटानं चौकोन काढत. "दोन चौकोनांच्या मधे मातीची भिंत सोडायची. ती सरळ पाहिजे. वाकडी झाली की साहेब ओरडायचे. त्या भिंतीवर थर दिसतात. हा राखेचा, हा विटांचा, हा पुराचा. खालचा जुना, वरचा नवा. कुदळ फक्त वर. खाली आलं की खुरपं, मग ब्रश. माझा बाप कुदळीचा माणूस, त्याला ब्रश दिला हातात!" आणि ते इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या दालनातला पहारेकरी डोकावून गेला.

मी मोबाईल खिशात ठेवला होता. कधी ठेवला ते आठवत नाही.

पुढच्या एका काचेत शंखाच्या बांगडीचा एक तुकडा होता. बोटाच्या पेराएवढा, मळकट पांढरा, वर दोन रेघा कोरलेल्या. बाबा एकदम वाकले. चष्मा वर केला. "हे बघ. हे. हे आबांनी काढलेलं. मी तिथंच होतो."

मी वाकून खालची चिठ्ठी वाचली. तिच्यावर दुसऱ्याच गावाचं नाव होतं.

आता इथं काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही आज कळतंय. पण माझी दिवसभराची नोकरी काय, तर चुका शोधणे. समोर चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय मला राहवत नाही, आणि दाखवली की मला बरं वाटतं. मी म्हटलं, "बाबा, हे भोकरदनचं नाहीये. इथं लिहिलंय बघा."

बाबांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखी. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "असं का. मग माझंच चुकलं असेल."

माझे बाबा चाळीस वर्षं सरकारी खात्यात हिशेबाला होते. 'माझंच चुकलं असेल' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलेलं नव्हतं. आईनंही ऐकलं नसणार. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. राहिलेली दालनं आम्ही माझ्या पद्धतीनं बघितली. तलवार, नाणी, मूर्ती, बाहेर.

बाहेर पायरीवर बसलो. ऊन छान होतं. लेक आवारात पळत होती. मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी दोन घोट घेतले आणि झाकण लावायला लागले. झाकण नीट बसेना. मी हात पुढे केला नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

मग ते म्हणाले, "आबांना एकदा मणी सापडला होता. लाल. एवढासा. त्यांनी उचलला आणि पळत नेऊन साहेबांच्या हातावर ठेवला. वाटलं, शाबासकी मिळेल. साहेब म्हणाले, कुठं सापडला? आबा म्हणाले, तिकडं. साहेब म्हणाले, तिकडं म्हणजे कुठं? कोणत्या चौकोनात? किती खाली? कोणत्या थरात? आबांना सांगता येईना. साहेब रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, अरे, आता हा नुसता मणी राहिला."

थोडा वेळ गेला.

"मला मणी सगळे आठवतात रे," बाबा म्हणाले. "तिकडं म्हणजे कुठं, ते आठवत नाही."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. चार वाजता टेस्टिंगवाल्यांचा फोन आला तो मी कापला. नोकरीत पहिल्यांदा. (रिलीज व्यवस्थित झालं. माझ्यावाचून काही अडत नाही, हेही त्या दिवशी कळलं. ते जरा लागलंच. :-) )

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी भोकरदनबद्दल वाचायला बसलो. ज्या गावचा म्हणून मी आयुष्यभर फॉर्मवर 'मूळ गाव' लिहीत आलो, त्याच्याबद्दल मला एसटी स्टँड आणि केळणा यापलीकडे काही माहिती नव्हतं. तर भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. पैठणहून, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानहून, अजिंठ्याच्या डोंगरातून उत्तरेला उज्जैनकडे जो व्यापारी मार्ग जायचा, त्यावरचं गाव. सांचीच्या आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावचं कोणीतरी मध्य प्रदेशात जाऊन देणगी देऊन, पावती दगडावर कोरून आलं होतं. बाबांच्या गावच्या माणसाला शोभेलसंच आहे हे.

१९७३ च्या उत्खननाचा अहवाल शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नावानं १९७४ साली दोन्ही विद्यापीठांनी छापला. म्हणजे आबांनी वाहिलेल्या टोपल्या फुकट गेल्या नव्हत्या. तिथं मणी, मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताच्या वस्तू निघाल्या.

आणि मग पोंपेईची गोष्ट. ही मी तुम्हाला सांगतोच, कारण ती वाचून मी रात्री दीड वाजता खुर्चीतून उठलो होतो. इटलीतलं पोंपेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची वीतभर उंचीची एक स्त्रीमूर्ती सापडली. दागिने, केसांची रचना, उभं राहण्याची ढब, सगळं भारतीय. तिला 'पोंपेईची लक्ष्मी' म्हणतात आणि ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आधी ती मथुरेकडची समजली जायची. पुढे त्याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनला निघाल्या, तशीच एक आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही आहे. त्यामुळे ती मूर्ती भोकरदनला घडली असावी, असं मत म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी मांडलं.

यात मजा अशी की नेपल्समधली मूर्ती तिथं ऐंशी वर्षं नीट जपून ठेवलेली आहे. कोणत्या शहरात, कधीच्या राखेखाली सापडली, सगळी नोंद आहे. पण ती निघाली कुठून हे तिच्या अंगावर लिहिलेलं नाही. ते कळायला केळणेच्या काठी कोणीतरी दोऱ्या बांधून चौकोन पाडावे लागले, आणि कोणत्या थरात काय निघालं ते लिहून ठेवावं लागलं. त्या नोंदी नसत्या, तर भोकरदनच्या मूर्तीही नुसत्या मूर्ती राहिल्या असत्या. कोणाच्या तरी शोकेसमधल्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉगला किती शिव्या देतो! कोण एवढं लिहीत बसणार, डिस्क भरते, वगैरे. आणि रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की पहिला प्रश्न काय विचारतो? लॉग कुठे आहेत. काय बिघडलं ते समोर दिसतच असतं. कधीपासून आणि कशाच्या नंतर, हे लिहून ठेवलेलं नसेल तर हातात नुसता मणी.

सकाळी मी बाबांना पोंपेईचं सांगितलं. ते दाढी करत होते. "इटलीत?" "हो." "भोकरदनचं?" "असावं असं तज्ज्ञ म्हणतात." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "चिठ्ठी वाचलीस का नीट?"

तेवढा टोमणा मला मिळायलाच हवा होता.

जेवणं झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. रेघा मारून चार रकाने केले. काय. कुठं. कधी. आणि चौथा, कोण सांगतंय. पहिली नोंद: 'लाल मणी. आबांना सापडला. भोकरदनची पांढरी. चौकोन माहीत नाही. बाबांनी सोनेरी महालाच्या पायरीवर सांगितलं, डिसेंबर २०१९.'

दुसऱ्याच पानावर भांडण झालं. उत्खनन बहात्तर साली झालं असं बाबा ठासून सांगत होते. मी त्र्याहत्तर वाचलं होतं. पेन उचललं, आणि यावेळी मात्र थांबलो. त्या रात्रीच्या वाचनात एक गोष्ट कळली होती. कधी कधी नंतरच्या काळातला कोणी माणूस धान्याचं पेव किंवा कचऱ्याचा खड्डा खणतो आणि वरच्या थरातली वस्तू खालच्या थरात जाऊन पडते. उत्खनन करणारे ती वस्तू फेकून देत नाहीत, किंवा उचलून 'योग्य' थरात ठेवून देत नाहीत. इथं थर विस्कटलेला आहे, अशी नोंद करतात आणि वस्तू जिथे सापडली तिथलीच लिहितात. मी लिहिलं: 'बाबा म्हणतात १९७२. अहवालात १९७३. बाबांच्या मते तेव्हा मिलो खाणं चालू होतं.' बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हां. हे बरोबर."

त्यानंतर दर शनिवारी सकाळी फोन. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि जाणं-येणं थांबलं, तरी फोन चालू राहिला. मी विचारायचो, तिकडं म्हणजे कुठं? केळणेच्या कोणत्या बाजूला? आत्याच्या लग्नाआधी की नंतर? कधी सांगता यायचं, कधी नाही. एकच गोष्ट तीन वेळा तीन प्रकारे आली तर तिन्ही लिहिल्या, तारखेसकट. पहिली वही भरली, दुसरी भरली. तिसरी अर्ध्यावर थांबली. २०२३ च्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी नेहमीसारखा प्रश्न विचारला आणि पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मग ते म्हणाले, "आपण कोण बोलताय?" आदरानं. ऑफिसातला फोन घ्यावा तसं.

तो शनिवारसुद्धा वहीत आहे. काय, कुठं, कधी.

बाबा आहेत. आई आणि एक मदतनीस मावशी त्यांचं सगळं करतात. मी महिन्यातून दोनदा जातो, प्रवास आवडत नसला तरी. आता वह्या मी वाचतो आणि ते ऐकतात. मिलोची भाकरी, दोऱ्यांचे चौकोन, आबांच्या हातातला ब्रश. ब्रशपाशी ते अजून हसतात. परवा मध्येच त्यांनी मला थांबवून विचारलं, "तुम्हाला हे सगळं कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "भोकरदनच्या एका माणसानं. तो तिथं स्वतः होता."

"मग खरं असेल," ते म्हणाले.

पाहुणे अजून येतात. त्यांना फिरवायचा कंटाळा अजून तितकाच येतो. पण यादीत एक जागा मी स्वतःहून वाढवली आहे, आणि तिथं पाऊण तासाची पद्धत चालत नाही. शेवटचं गेलो होतो तेव्हा शंखाच्या बांगडीचा तो तुकडा त्याच काचेत होता, तीच चिठ्ठी खाली. मी पाहुण्यांना तिथं थांबवतो आणि आधी चिठ्ठी वाचून दाखवतो. हे भोकरदनचं नाही, असं स्पष्ट सांगतो.

आणि मग भोकरदनची गोष्ट सांगतो.